सिंक बदलतोय, नळ सोडू नका

२४ बाय १८ चं सिंक द्या म्हणलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, बाहेरून का आतून? म्हणजे कडेसकट का नुसतं भांडं. हे मला बोहरी आळीत, मागून हातगाडीवाला "ओ सरका" ओरडत असताना कळलं. घरी फोन लावला तर मोजायची टेप सापडेना, मग आईने शिवणाच्या टेपने सेंटिमीटरमध्ये मोजून नुसतं "एकसष्ट" असं सांगितलं. दुकानदाराने एकसष्ट इंच ऐकलं आणि म्हणाला साहेब, टाकी पाहिजे का.

स्टीलचा वेगळाच क्लास. ३०४ ग्रेडचं चांगलं, त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ स्वस्त, त्यात निकेल कमी करून मँगनीज घालतात. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, बघा चिकटत नाही, एकदम ओरिजिनल. आता २०२ ला पण चुंबक धड चिकटत नाही हे मी वाचून गेलो होतो, पण त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला बोलवेना, मी नुसता ३०४ चा शिक्का कुठे मारलाय ते शोधत राहिलो. बायकोची अट एकच होती, मोठी कढई आडवी बसली पाहिजे. म्हणून जुनं ७ इंच खोल होतं तिथे हे ९ इंची घेतलं.

प्लंबर "उद्या येतो" म्हणाला होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ओट्याखाली शिरायच्या आधी ओट्याखालचं बाहेर काढावं लागतं. कांदे, फिनेल, रांगोळीचे डबे, मागच्या दिवाळीच्या पणत्या, आणि पिशव्यांनी भरलेली पिशवी. हे सगळं हॉलमध्ये आल्यावर आम्ही घर सोडून चाललोय असं समोरच्या काकूंना वाटलं आणि त्या विचारायला आल्या, आणि मग बसल्याच.

सिंकच्या नळीला खाली जोडलेला असतो त्या ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साठलेलं असतं, गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून. थिअरी छान आहे. पण आपण उताणे झोपून डोक्यावरचा आटा सोडवत असतो तेव्हा तेच पाणी कधीच्या काळच्या आमटीसकट मनगटावरून कोपर, कोपरावरून काख असा प्रवास करतं, आणि हात वर असल्यामुळे काहीही करता येत नाही. वरून काकू विचारतायत, "गळतंय का रे?"

जुनं सिंक व्हाइट सिमेंटने पक्कं बसवलेलं. तिथे जोर लावून उपयोग नाही, ग्रॅनाइटची कड उडते, त्यामुळे छिन्नीने हळूहळू टुकटुक करत बसायचं. तासाभराने खालच्या मजल्यावरून फोन आला की तुमच्याकडे कोण काय ठोकतंय.

नवं सिंक खाचेत बरोब्बर बसलं, मी टाळ्या पण वाजवून घेतल्या. पण ९ इंची म्हणजे त्याचं भोक २ इंच खाली आलं आणि भिंतीतला पाइप काही खाली येत नाही, तो बिल्डरने ठेवला तिथेच. पाणी चढावर जात नाही एवढं विज्ञान सगळ्यांना येतं, तरी घरातल्या प्रत्येकाने वाकून बघून मला ते सांगितलं. शेवटी कपलिंगखालची, म्हणजे सिंकच्या भोकात बसणाऱ्या जाळीखालची नळी हेक्सा ब्लेडने कापून आखूड केली, बॉटल ट्रॅप वर सरकवला, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि उतार मिळाला.

मग कडेने सिलिकॉन. त्याला व्हिनेगरचा उग्र वास येतो, आईने उठून लोणच्याच्या बरण्या तपासल्या. मी सिंकवर फळी ठेवून तिच्यावर पाटा-वरवंटा ठेवला, आणि जाहीर केलं, २४ तास कुणी हात लावायचा नाही.

खरी परीक्षा ती. माणसाचा हात सिंककडे आपोआप जातो हो! चहा प्यायला, कप घेऊन निघाले. मी अँगल कॉक, म्हणजे नळाला येणारं पाणी तोडायची खालची चावी, बंद करून स्टूल टाकून बसलो तरी मुलगा फळीवर डबा ठेवून गेलाच. भांडी बाथरूममध्ये साठली, आंघोळीला जाणारा माणूस कुकरला वळसा घालून जायला लागला. रात्री वडापाव आणला, त्याला ताट लागत नाही म्हणून, तर आईने सवयीने प्रत्येकाला ताटली दिली. चटणीला वाटी वेगळी.

दुसऱ्या दिवशी मी बादलीभर पाणी ओतलं, खाली वर्तमानपत्र पसरून बघितलं, कोरडं! बायकोने कढई आडवी ठेवून बघितली, बसली. सगळे खुश. मग भांडीवाल्या मावशी आल्या, पदर खोचला, आत हात घातला आणि म्हणाल्या, "दादा, ही विहीर कुणी सांगितली? माझी कंबर जाईल."

आणि त्यांनी बाथरूममधला प्लास्टिकचा टब आणून सिंकमध्ये उलटा घातला, त्याच्यावर भांडी घासतात. टब ४ इंच उंच आहे. कढई आता आडवी बसत नाही.