एकतीस तारखेचं बिल आणि ‘कोडिंग संपलं’ हा मेसेज

एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. दोनदा नातेवाइकांकडून, एकदा कॉलेजच्या मित्रांकडून आणि एकदा चक्क अशा माणसाकडून, जो स्वतः रोज कोड लिहून पोट भरतो. मजकूर थोडक्यात असा: आता साध्या भाषेत सांगितलं की एआय कोड लिहितं, मोठ्या कंपन्यांत पाव कोड तेच लिहितं, म्हणजे पाव प्रोग्रॅमर जास्तीचे झाले, काम दहापट वेगाने होतं, टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) पास झाल्या की कोड वाचायचं कारण उरत नाही, आणि कंपायलर (कोडचं यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) आल्यावर जसं असेंब्ली (यंत्राच्या अगदी जवळची भाषा) कोणी वाचेनासं झालं, तसंच आता कोडचं होणार. शेवटी ठळक अक्षरांत: ‘मुलांना कोडिंग शिकवणं आजच थांबवा.’

कोड लिहिणारी ही एआय टूल्स मी रोज वापरतो आणि उद्या कोणी ती काढून घेतली तर माझी चिडचिड होईल, हे आधीच सांगून टाकतो. माझं भांडण फक्त या मेसेजशी आहे.

‘साध्या भाषेत सांगा, कोड तयार’

मला वर्गणीचं बिल काढणारा एक भाग लिहायचा होता. काय हवं ते एका वाक्यात सांगता येत होतं: ग्राहक ज्या तारखेला सुरू झाला, दर महिन्याच्या त्याच तारखेला बिल निघावं. टूलला हेच वाक्य दिलं. मिनिटाभरात नीटनेटका कोड आला, नावंसुद्धा माझ्यापेक्षा बरी दिलेली.

आता ग्राहक ३१ जानेवारीला आला तर? फेब्रुवारीत ३१ तारीखच नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत तारखेचा महिना एकाने पुढे सरकवला की ती ओसंडून ३ मार्चवर जाते (लीप वर्षात २ मार्चवर), म्हणजे फेब्रुवारीचं बिल गायब. पोस्टग्रेस हा डेटाबेस ३१ जानेवारीत एक महिना मिळवून फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देतं, साध्या वर्षात २८. हे बरं वाटतं, पण त्या २८ फेब्रुवारीत आणखी एक महिना मिळवला की २८ मार्च येतो. ग्राहक एकदा फेब्रुवारीतून गेला की कायमचा २८ तारखेचा होऊन बसतो. मला मिळालेला कोड नेमकं हेच करत होता: मागच्या बिलाची तारीख घे, एक महिना मिळव.

यात टूलला तरी काय बोलणार? माझ्या वाक्यात उत्तर नव्हतंच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी हा मुद्दा १९७० च्या दशकातच मांडला होता. औपचारिक चिन्हांची भाषा हे ओझं नाही, ती सोय आहे, कारण साध्या भाषेत सहज खपून जाणारा मूर्खपणा तिच्यात सहजासहजी खपत नाही. ‘दर महिन्याच्या त्याच तारखेला’ हे वाक्य ऐकायला इतकं सरळ आहे की त्यात भोक आहे हे बोलणाऱ्याला कळत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही.

‘पाव कोड एआय लिहितं, म्हणून पाव प्रोग्रॅमर जास्तीचे’

हा आकडा हवेतून आलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुंदर पिचाई यांनी सांगितलं होतं की गूगलमधला पाव हिश्श्याहून जास्त नवा कोड एआय तयार करतं, आणि मग इंजिनिअर तो तपासून स्वीकारतात. वाक्याचा हा उत्तरार्ध मेसेजमध्ये कधीच नसतो. मार्च २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीचे डारिओ अमोदेई म्हणाले की तीन ते सहा महिन्यांत ९० टक्के कोड एआय लिहील. तेही पसरलं. त्याच बोलण्यात ते असंही म्हणाले होते की काय बांधायचं, कोणत्या अटींवर आणि कोणत्या रचनेत, हे प्रोग्रॅमरलाच सांगावं लागेल. ते मात्र मागेच राहिलं. अर्धं वाक्य कापून पाठवायचं आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायचं.

शिवाय कोडचा वाटा आणि कामाचा वाटा एक कसा? माझ्या आठवड्यात टाइप करण्याचे तास मोजले तर मलाच लाज वाटेल.

‘दहापट वेग’

इथे दोन प्रयोग शेजारी ठेवावेत. कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबने २०२२ मध्ये ९५ प्रोग्रॅमरना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर शून्यापासून लिहायला दिला. गिटहबचंच एआय टूल कोपायलट वापरणाऱ्यांना सरासरी १ तास ११ मिनिटं लागली, न वापरणाऱ्यांना २ तास ४१ मिनिटं. वेग दुपटीहून जास्त. उत्तमच.

दुसरा एआयची क्षमता तपासणाऱ्या एमईटीआर या संस्थेचा, जुलै २०२५ मध्ये आलेला. १६ अनुभवी प्रोग्रॅमर, २४६ कामं, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षं सांभाळलेल्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांतली. कोणत्या कामात एआय वापरायचं आणि कोणत्यात नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं. आधी त्यांचा अंदाज होता की एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. काम संपल्यावर ते म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळ म्हणालं, १९ टक्के जास्त लागला.

प्रयोग लहान होता, टूल्स २०२५ च्या सुरुवातीची होती, आणि ती त्यानंतर बरीच सुधारली आहेत. त्यामुळे १९ हा आकडा कोणाच्या तोंडावर फेकावा असं मी म्हणणार नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: अनुभवी माणसांनाही आपला वेग वाढला की घटला हे कळलं नाही. तेव्हा ‘मी दहापट वेगाने काम करतो’ असं कोणी सांगितलं की मी एवढंच विचारतो, मोजलं कशावर? मोकळ्या प्लॉटवर भिंत बांधणं आणि राहत्या घरातली भिंत पाडून नवी घालणं, यांचा वेग एका फुटपट्टीने कसा मोजणार?

‘टेस्ट पास, मग वाचायचं कशाला’

त्या बिलाच्या कोडसोबत टूलने टेस्टही लिहून दिल्या होत्या. सगळ्या हिरव्या. त्यातली एक टेस्ट ठामपणे म्हणत होती की ३१ जानेवारीच्या ग्राहकाचं मार्चचं बिल २८ तारखेला निघायला हवं! कोड आणि टेस्ट एकाच गैरसमजातून जन्मलेले. ते एकमेकांची साक्ष देणारच.

आणि कोड न वाचता घेण्यात धोका केवळ हिशोब चुकण्याचा नाही. २०२५ मध्ये युजनिक्स सिक्युरिटी या संगणक सुरक्षेच्या परिषदेत आलेल्या एका अभ्यासात १६ एआय मॉडेलांकडून कोडचे ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले होते. सुचवलेल्या पॅकेजांपैकी (म्हणजे इंटरनेटवरून आयत्या घेता येणाऱ्या कोडच्या संचांपैकी) सुमारे १९.७ टक्के अस्तित्वातच नव्हती. व्यावसायिक मॉडेलांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं, पण होतं. गोम अशी की तीच काल्पनिक नावं पुन्हा पुन्हा येतात. मग हल्लेखोराने त्या नावाचं पॅकेज आधीच टाकून ठेवलं की झालं. तुम्ही इन्स्टॉल करता, काही अडत नाही, टेस्टही पास होतात. ‘ध’ चा ‘मा’ झालेला असतो आणि हुकूम मात्र बिनचूक पाळला जातो.

‘कंपायलर आला तेव्हाही असंच झालं होतं’

मेसेजमधला हा सगळ्यात हुशार मुद्दा, आणि जाणकारही याला भुलतात. फोरट्रान या भाषेचा पहिला कंपायलर १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी आला. हाताने लिहिलेल्या कोडइतका वेगवान कोड यंत्र कसा काढणार, असं तेव्हाच्या प्रोग्रॅमरना वाटत होतं. म्हणूनच तो कंपायलर बनवणाऱ्या जॉन बॅकस यांच्या गटाने निघणारा कोड कसदार व्हावा यावर इतकी मेहनत घेतली. शंका घेणारे चुकले, हे खरं. पण त्यावरून आजचे शंका घेणारेही चुकणारच असं कसं ठरतं?

कंपायलरला चूक म्हणता येतं, हा मोठा फरक आहे. २०११ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाच्या टूलने सी भाषेचे यादृच्छिक प्रोग्रॅम तयार केले, तेच वेगवेगळ्या कंपायलरमधून काढले आणि निकाल ताडून पाहिले. कंपायलरमध्ये ३२५ हून जास्त बग (चुका) सापडले. हे शक्य झालं, कारण त्या प्रोग्रॅमचं उत्तर एकच असायला हवं असं भाषेचा नियम सांगतो. दोन कंपायलरची उत्तरं वेगळी आली म्हणजे एक तरी नक्कीच चुकलाय. आता माझं बिलाचं वाक्य दोन मॉडेलांना द्या. दोन वेगळे प्रोग्रॅम येतील आणि त्यातला कोणता चूक हे ठरवायला कोणताही नियम हाताशी नसेल.

घोडं आणखी एका ठिकाणी पेंड खातं. कंपायलर वापरताना आपण असेंब्ली फेकून देतो आणि मूळ कोड जपतो. एआयच्या बाबतीत बहुतेक जण प्रॉम्प्ट (टूलला दिलेली सूचना) फेकून देतात आणि कोड जपतात. रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) कोड जातो, रिव्ह्यू त्याचाच होतो, रात्री दोनला प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू यंत्रणा) पडलं की उघडला जातो तोही कोडच. जी गोष्ट आपण जपतो, तारखेनिशी साठवतो आणि दुरुस्त करतो, ती आता कोणी वाचणार नाही म्हणे.

‘मुलांना शिकवणं थांबवा’

भाषेची बारीकसारीक रूपं पाठ असण्याला आता फारशी किंमत नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं किचकट सूत्र) मी कित्येक महिन्यांत स्वतः लिहिलेलं नाही, आणि त्याचं मला जराही दुःख नाही.

पण ३१ तारखेची शंका मला आली ती काही वर्षांपूर्वी हाच घोळ मी स्वतःच्या हाताने घातला होता म्हणून. तेव्हा दोन दिवस बसून नोंदी सुधारल्या होत्या. या वेळी कोड डिप्लॉय (प्रत्यक्ष वापरात) करण्याआधी हिशोब बघणाऱ्या सहकारी मॅडमना विचारलं, ‘३१ च्या ग्राहकाचं काय करायचं?’ त्या म्हणाल्या, ‘थांबा, करारात बघते.’ करारात काहीच नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: महिन्याचा शेवटचा दिवस, पुढच्या महिन्यात परत मूळ तारीख.

ते मी टूलला सांगितलं. कोड दुरुस्त व्हायला एक मिनिटही लागलं नाही.