पत्ता गूगलचा, म्हणून मेलही गूगलचाच?

‘जीमेलच्या नावाने आलेल्या मेलचा पत्ता गूगल डॉट कॉमने संपत असेल, लिंकवर कुलपाचे चिन्ह दिसत असेल आणि मजकुरात चुका नसतील, तर मेल खरा समजून त्यात सांगितल्याप्रमाणे करावे’, असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या मावशीने तो वहीत उतरवून ठेवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातली पहिली खूण सर्वांत घातक आहे, कारण पत्ता तपासणाऱ्या सावध माणसालाच ती गाफील करते. एप्रिल २०२५ मध्ये निक जॉन्सन या सॉफ्टवेअर विकसकाने स्वतःला आलेला असा मेल जाहीर केला. पत्ता गूगल डॉट कॉमचा होता, डिजिटल स्वाक्षरी (मेल खरोखर त्या पत्त्याच्या यंत्रणेतून निघाल्याची तांत्रिक खूण) अस्सल होती आणि जीमेलने तो गूगलच्या खऱ्या सुरक्षा-सूचनांच्या रांगेतच लावला होता. भामट्यांनी एक ॲप तयार करून त्याच्या नावाच्या रकान्यात ‘तुमच्या खात्याची माहिती मागणारा कायदेशीर आदेश आला आहे’ अशा अर्थाचा अख्खा मजकूर भरला आणि त्या ॲपला स्वतःच्याच खात्यात प्रवेश दिला. त्याबरोबर गूगलच्या यंत्रणेने त्या नावासकट नेहमीची सूचना धाडली, आणि तीच त्यांनी जशीच्या तशी पुढे पाठवली. म्हणजे पत्ता चुकीचा असेल तर मेल खोटा, हे ठीक. पण पत्ता बरोबर असल्याने मेल खरा ठरत नाही.

त्या मेलमधली लिंक साइट्स डॉट गूगल डॉट कॉमवर नेत होती, जिथे कोणीही स्वतःचे पान बनवू शकतो. खरे लॉगिन अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉमवर होते. कुलूप तर त्या बनावट लॉगिन पानालाही मिळते, कारण जोडणी सांकेतिक केली आहे, म्हणजे मधल्या कोणाला ती वाचता येत नाही, एवढेच ते सांगते; लोक त्याचा भलताच अर्थ लावतात म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधून ते चिन्हच काढून टाकले.

चुकांचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागेल. अशुद्ध भाषेतले बनावट मेल आजही येतात. पण शुद्ध भाषा हा पुरावा नव्हे.

मेलमधली लिंक दाबूच नये. ब्राउझरमध्ये मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम स्वतः टाइप करावे आणि सुरक्षा विभागातील अलीकडच्या घडामोडी पाहाव्यात. पासवर्ड आधीच दिला गेला असेल, तर तो त्याच क्षणी बदलून अनोळखी उपकरणे साइन आउट करावीत आणि पैसे गेले असतील, तर विनाविलंब १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.