डाव्या हातानं का जेवतोयस?

आज बेसबॉलच्या ग्राउंडवर एका मुलाचे बाबा हसत हसत म्हणाले, "कोपर गेलंच तर टॉमी जॉन ऑपरेशन करून टाकू. नंतर पोरं उलट जोरात टाकतात." पोरगं बारा वर्षांचं! गाडी सर्व्हिसिंगला टाकल्यासारखं 'करून टाकू'. तिथं मी गप्प बसले, म्हणून इथं लिहितेय.

गेल्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. जेवताना माझ्या लेकावर ओरडल्या, "डाव्या हातानं का जेवतोयस रे?" तो काही बोलला नाही. मान खाली घालून डाव्या हातानंच वरणभात कालवत राहिला. उजवं कोपर वाकतच नव्हतं त्याचं.

अहो, टॉमी जॉन हे आधी एका माणसाचं नाव आहे! अमेरिकेतल्या डॉजर्स टीमचा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकणारा. १९७४ चा सीझन, १३ मॅच जिंकलेल्या, ३ हरलेल्या, आणि जुलैत बॉल टाकता टाकता कोपराचं लिगामेंट, हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, गेलं. तोवर असं झालं की पिचर घरी बसायचा. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढून डाव्या कोपरात बसवला. १९७५ अख्खं वाया. १९७६ ला परतला तो १९८९ पर्यंत खेळला, वयाच्या ४६ पर्यंत. २८८ विजयांतले १६४ ऑपरेशननंतरचे. पण ऑपरेशनच्या वेळी तो ३१ वर्षांचा बाप्या होता, स्वतःचं स्वतः ठरवणारा. आणि जोरात टाकणाऱ्यातला तर तो कधीच नव्हता. त्याचा बॉल बॅटपाशी येऊन खाली बसायचा, एवढीच करामत.

हो, पिचर व्हरलँडरनं २०२० मध्ये हेच ऑपरेशन करून २०२२ मध्ये साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, जिंकलं. माहितीये. पण त्याच्या दिमतीला अख्खी फौज असते. तुमच्या पोराला दीड वर्ष व्यायामाला कोण नेणार?

लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉलमध्ये, बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिचेस (टाकलेले बॉल), आणि ६६ च्या वर गेलं की चार दिवस विश्रांती. नियम चांगलाय. पण शनिवारी एक टीम, रविवारी दुसरी, आणि पिचेस मोजायच्या दोघांच्या वह्या वेगळ्या. बेरीज कोण करणार?

मी करायला हवी होती. दोन्हीकडे गाडी मीच चालवत होते ना.

ते वरणभाताचं ताट डोळ्यांसमोरून जात नाही. लिगामेंट शाबूत निघालं, नशीब. नुसती सूज होती. यंदा तो पिचिंगऐवजी फर्स्ट बेसवर फील्डिंगला उभा राहतो, कुरकुरतो.

आज येताना गाडीत त्याला टॉमी जॉनचा टेंडन कुठला ते सांगितलं. अंगठा करंगळीला टेकवून मनगट जरा वाकवलं की मधोमध दोरीसारखा वर येतो. काहींना तो नसतोच. घरी येऊन त्यानं आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि तिलाही करायला लावलं. सासूबाईंनी मोबाइल तांब्याला टेकवला, बांगड्या मागे सारल्या, बराच वेळ मनगट निरखलं आणि म्हणाल्या, "माझ्यात नाही बाबा काही. तू जेवलास का? कुठल्या हातानं?"