खुलासा: गुडघ्याच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेनंतर ‘गोळ्याच नकोत’ हे चुकीचं आहे

‘गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वेदनाशामक लागतच नाहीत, कॅनडात सिद्ध झालं, सगळ्या गोळ्या फेका’ असा मेसेज सध्या फिरतोय. अभ्यास खरा आहे, निष्कर्ष मात्र भलताच काढलाय.

२०२२ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला तो पेपर मी वाचला. दुर्बिणीतून गुडघ्याची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोनशे रुग्णांपैकी एका गटाला नॅप्रोक्सेन, पॅरासिटामॉल ही साधी वेदनाशामकं आणि पोट सांभाळायला पँटोप्राझोल दिलं होतं. शिवाय दुखणं आवरलं नाहीच, तर हायड्रोमॉर्फोनची, म्हणजे अफूवर्गातल्या तीव्र वेदनाशामकाची, चिठ्ठीही होती. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. सहा आठवड्यांत पहिल्या गटात अफूवर्गीय गोळ्या फारच कमी लागल्या आणि दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे गोळ्या होत्याच, फक्त वेगळ्या! सांधेबदल शस्त्रक्रियेचा तर यात संबंधच नाही.

आपल्याकडे बहुधा ट्रामाडॉल लिहून देतात. तेही अफूवर्गातलंच, २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली. ते शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर नॅप्रोक्सेनही परस्पर नको, आधी डॉक्टरांना विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.