‘शब्दांचा कीस’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

नमस्कार.

तंत्रज्ञानावरच्या वादात्मक निबंधाची आखणी कशी करावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. विषयातल्या शब्दांचे अर्थ आधी नक्की करावेत आणि मग बाजू घ्यावी, असं मी त्यात म्हटलं होतं. इतर वाचकांसाठी ती इथे देते: ‘मॅडम, हा नुसता शब्दांचा कीस आहे. वाद शब्दांवर नसतो, मुद्द्यावर असतो. मुलांना बाजू घेऊन ठासून लिहायला शिकवा. तीन तासांच्या पेपरात शब्दांचे अर्थ लावत बसायला वेळ कोणाला आहे? शिवाय दुहेरी अर्थ आता एआयला आपोआप कळतात. तुम्ही वर्गात कधी उभ्या राहिला असाल असं वाटत नाही.’

शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते लागलं. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात माझी हयात गेली आहे. वादविवाद स्पर्धांचं परीक्षण केलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासले, ज्यांना चार ओळी सलग लिहिता येत नव्हत्या अशा मुलांच्या शेजारी बसून त्यांच्याकडून निबंध पुरे करून घेतले. लेख पटला नाही तर तसं जरूर लिहा. पण लिहिणारीने वर्ग पाहिला आहे का, असं विचारणं हा प्रतिवाद होत नाही. मी लेखात कोणाच्या पात्रतेवर बोट ठेवलं नव्हतं. तुम्ही स्वतःची ओळख ‘एक शिक्षक’ अशी दिली आहे. तुमच्या विद्यार्थ्याने विरुद्ध बाजू खोडताना असं वाक्य लिहिलं, तर तुम्ही ते चालवून घ्याल का?

एक गोष्ट मान्य करते. परीक्षेत वेळ खरंच तोकडा असतो. मी सांगितलेली आखणी घरी लिहायच्या निबंधासाठी आणि प्रकल्पासाठी आहे, पेपरात ती जशीच्या तशी जमणार नाही. तेवढं तुमचं बरोबर.

आता ‘वाद शब्दांवर नसतो, मुद्द्यावर असतो’ हे वाक्य. मुद्दा शब्दांच्या बाहेर कुठे ठेवलेला असतो, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही. लेखातलाच विषय घ्या: ‘गावांनी मोबाइलवर बंदी घालावी का?’ २०२२ मध्ये आपल्याकडची दोन गावं यावरून बातम्यांत आली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी ७ वाजता भोंगा व्हायचा आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद. पुसद तालुक्यातल्या बान्शीच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला मनाई करणारा ठराव केला. दोन्हींच्या बातम्यांत ‘मोबाइलबंदी’ हाच शब्द. माझ्या वर्गात यावर जोरदार वाद झाला. एक गट म्हणत होता, हा स्वातंत्र्यावर घाला आहे. दुसरा म्हणत होता, यात घाला कसला, उलट घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागली. पहिला गट बान्शीबद्दल बोलत होता, दुसरा वडगावबद्दल. तास संपला तरी कोणाच्या ते लक्षात आलं नाही, आणि दोन्ही बाजूंची मुलं तुम्हाला आवडेल इतकी ठासून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर फक्त प्रश्न लिहिले. बंदी कोणावर? किती वेळ? कोणाच्या अधिकारात? मोडली तर काय? उत्तरं आल्यावर खरा वाद सुरू झाला: कोणी किती वाजेपर्यंत फोन धरायचा हे ग्रामसभेने ठरवावं का, आणि टाळेबंदीत ज्या फोनवर शाळा भरली तोच फोन आता त्याच मुलांच्या हातून कसा काढून घ्यायचा? हे मुद्दे ‘बंदी’ हा एक शब्द उकलल्यावर हाती आले. आधी नव्हते.

काही वेळा घोळ शब्दात नसतो, वाक्याच्या रचनेत असतो. एका मुलीने आराखड्यात लिहिलं होतं, ‘ऑनलाइन काम करणारे शिक्षक आणि पालक यांना सूट द्यावी.’ सगळ्या पालकांना, की ऑनलाइन काम करणाऱ्याच पालकांना? तुम्ही याला कीस म्हणाल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२१ साली फेसबुक विरुद्ध ड्युगिड हा खटला नेमका अशाच प्रश्नावर उभा होता. ज्याचं फेसबुकवर खातंच नाही, अशा माणसाच्या फोनवर लॉगिनचे इशारे येत राहिले. १९९१च्या कायद्यात आपोआप फोन लावणाऱ्या यंत्राची व्याख्या होती: क्रमांक साठवणारं किंवा तयार करणारं, आणि पुढे, संख्याजनक (आपोआप आकडे तयार करणारी सोय) वापरून. हा शेवटचा तुकडा फक्त ‘तयार करणारं’ला लागतो, की ‘साठवणारं’लाही? दोन्हींना, असं न्यायालयाने ठरवलं आणि फेसबुक जिंकलं. मुद्दा शब्दांपेक्षा वेगळा असता, तर तो खटला तिथवर पोहोचलाच नसता.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? पालघर आठवत असेल. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ए होतं. ‘घोर आक्षेपार्ह’, ‘त्रास’, ‘गैरसोय’ असले शब्द त्यात होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कोणाला त्रास? किती झाला म्हणजे गुन्हा? कलमात उत्तर नव्हतं, म्हणून ते पोलिसांनी दिलं. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं आणि त्याच्या कारणांत शब्दांचा हा मोघमपणा ठळक होता. त्या निकालात इंग्लंडमधल्या एका खटल्याचा दाखला आहे: फोनवर ठेवलेले निरोप खालच्या न्यायालयांना ‘घोर आक्षेपार्ह’ वाटले नाहीत, तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सला वाटले. निरोप तेच, शब्द तेच. विचार करायला शिकलेल्या न्यायाधीशांची ही गत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलाला ‘आधी बाजू घे, शब्दांचं नंतर बघू’ असं मी तरी सांगणार नाही.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. माझे वडील ग्रामसेवक होते. गावच्या एका ठरावात ‘शाळेच्या वेळेत ध्वनिक्षेपक लावू नये’ असं लिहिलं गेलं. शनिवारी शाळा सकाळची असते आणि दहावीचे जादा तास संध्याकाळी, हे लिहिताना कोणाच्या मनात आलं नाही. पुढच्याच लग्नसराईत दोन भावकींमध्ये ‘शाळेच्या वेळेत’ या दोन शब्दांवरून जुंपली आणि दोन्ही बाजू ठरावाची तीच प्रत घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. दोघांनाही आपण नियम पाळतोय अशी खात्री होती. त्यानंतर वडील ठराव पक्का करण्याआधी एकदा मोठ्याने वाचून प्रत्येकाला विचारायचे, ‘तुला यातून काय कळलं?’ माझ्या आराखड्याची पहिली पायरी तिथून आलेली आहे. तिला कीस म्हणताना तुम्ही कोणाच्या अनुभवाला हसताय, याची तुम्हाला कल्पना नसेल. पण मला आहे.

बाजू घेऊच नका, असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या ॲलन ट्यूरिंगने १९५०च्या एका प्रसिद्ध लेखात ‘यंत्रं विचार करू शकतात का?’ असा प्रश्न टाकला आणि लगेच सांगितलं की ‘यंत्र’ आणि ‘विचार’ यांचे रोजच्या वापरातले अर्थ धरले तर हाती काही लागणार नाही. मग त्याने प्रश्नच बदलून तपासता येईल असा केला आणि पुढे आपली बाजू खणखणीत मांडली, एकेक आक्षेप घेऊन. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी एवढंच मागते.

एआयचा मुद्दा इथे गैरलागू आहे. निबंध मुलाने लिहायचा आहे आणि त्यातलं विधान त्याला स्वतःला कळलेलं असायला हवं. लेख लांबला, असंही तुम्ही आणखी एका ओळीत म्हटलं आहे. लांबला, कारण विषय तेवढा होता.

‘बंदी’च्या उदाहरणावर तुमचं काही म्हणणं असेल तर लिहा, मी सविस्तर उत्तर देईन. मी वर्गात उभी राहिले की नाही, या प्रश्नाला पुन्हा देणार नाही.