तीस वर्षांच्या युद्धाचा दाखला पटला नाही

धर्मामुळे झालेल्या युद्धांवरच्या लेखात युरोपातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या तीस वर्षांच्या युद्धाचा (१६१८–४८) दाखला देऊन ‘धर्म नसता तर एवढा रक्तपात झालाच नसता’ असं म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. त्या वेळी फ्रान्सचा कारभार पाहणारे रिशल्यू स्वतः कॅथलिक कार्डिनल. त्यांनीच १६३१ मध्ये करार करून प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवला, तोही ऑस्ट्रिया आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या कॅथलिक हाब्सबर्ग घराण्याला नमवण्यासाठी. १६३५ पासून तर फ्रान्सच्या फौजा उघड मैदानात उतरल्या. झेंडे धर्माचे, हिशेब सत्तेचा. बरं, धर्म मोडीत काढला की माणसं वाचतात म्हणावं, तर कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने भिक्खूंना चीवर उतरवायला लावलं, विहारांची कोठारं आणि तुरुंग केले आणि १९७५ ते ७९ मध्ये १५ ते २० लाख माणसं मेली.

म्हणून धर्माला मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. त्याने होणारं नुकसान मृतांच्या आकड्यांत येत नाही, आणि लेखातून नेमकं तेच सुटलंय. माझ्या मावसबहिणीने परधर्मातल्या मुलाशी लग्न केलं. कायद्याची आडकाठी नव्हती. घरच्यांनी मात्र अल्बममधले तिचे फोटो कात्रीने कापून काढले. एका फोटोत भावाच्या खांद्यावर तिचा हात तेवढा राहिलाय. राजवट कितीही क्रूर असली तरी कधीतरी जाते, ख्मेर रूजचीही गेली. पण आईवडीलच धर्माच्या नावाने दार लावून घेतात तेव्हा दाद कुणाकडे मागायची? लेखकाने युद्धांची यादी देण्यापेक्षा यावर लिहायला हवं होतं.