वरच्या दोन खोल्या

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना खोली हवी आहे. तीन रविवार झाले, स्कूटीवर मागे बसवून त्यांना इंदूरभर फिरवतेय. चार घरच्या पोळ्या करून महिन्याला 11 हजार हातात पडतात. मुलगी कॉलेजात. राहती खोली दिवाळीआधी सोडायचीय, मालकांना तिथे दुकान काढायचंय.

पहिलं घर लोकमान्य नगरात. पाटीवर आडनाव आपलं मराठीच, ओटल्यावर तुळस. बरं वाटलं. चहा झाला, आणि मग बाईंनी विचारलं, "फेमिली आहे ना? म्हणजे, मिस्टर?" मिस्टर नाहीत म्हटल्यावर खोली एकदम भाच्यासाठी ठेवलेली निघाली.

सुदामा नगरात मिळत होती. भाडं 5 हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं, दलालाचा एक महिना वेगळा. म्हणजे आत पाऊल टाकायलाच 20 हजार. जिन्याखाली मोरी, खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची भिंत, वीज सबमीटरवर 10 रुपये युनिट. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, आणि मोटर मालक लावतील तेव्हा. मावशींनी नळ उघडून बघितला, घट्ट बंद केला आणि म्हणाल्या, "ताई, अजून दोन घरं धरली तर जमेल." सहा घरच्या पोळ्या! मनगटाला क्रेप बँडेज आजच आहे.

लोक सांगतात, प्रधानमंत्री आवास आहे की. आहे, 2015 पासून. पण ते मालकीचं घर, आपला हिस्सा भरता आला तर. भाड्यानं राहणाऱ्यांची आठवण झाली 2020 साली, करोनात मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा. भाड्याच्या स्वस्त घरांची योजना निघाली, 2024 च्या दुसऱ्या टप्प्यातही ती आहे. तसं घर मिळालेलं माणूस मात्र मावशींच्या ओळखीत नाही, माझ्याही नाही. याच गावानं कधीकाळी गिरणी कामगारांसाठी नंदानगर वसवलं होतं.

पण सरकारला बोलून मी सुटत नाही. आपल्या माणसांची किती घरं इथे अर्धी बंद आहेत! मुलं पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत, खाली म्हातारी दोघं, वर कुलूप. भीती खोटी नाही, हेही मान्य. आमच्या आजोबांच्या वाड्यात एक बिऱ्हाड 45 रुपयांवर वर्षानुवर्षं बसलं होतं. 1961 चा भाडे नियंत्रणाचा कायदा, कोर्टाच्या तारखा, शेवटी आजोबांनीच पैसे देऊन त्यांना उठवलं. पण आता सगळे 11 महिन्यांचा किरायानामा करतात, पोलिसात माहिती देतात. तरी कुलूप आहेच. आणि गणपतीत 'आपली माणसं' म्हणत वर्गणीला मावशींच्या दारीही जातो आपण. यंदा 101 ची पावती घेतली त्यांनी.

आमच्याही वर दोन खोल्या आहेत. दादासाठी ठेवलेल्या. तो मागच्या दिवाळीत एसी नाही म्हणून हॉटेलात उतरला. काल जेवताना विषय काढला तर आई म्हणाली, "कामाची बाई घरातच राहायला आली की काम सांगायला जड जातं." बाबा ताटातलं बघत राहिले. मीही पुढे काही बोलले नाही.

तोवर कुणाकडे रामबागेच्या आसपास 4 हजारांपर्यंत खोली असेल तर इनबॉक्स करा. मिस्टर नाहीत, हे आधीच सांगते.